मास्तरांचा दोरा

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. बेचाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले या गृहस्थाने. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तशी लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे झालं, इकडे या." मास्तर तिच्याकडे परदेशात आले. बॅगेत चार कपडे, कातर आणि दोऱ्यांच्या तुकड्यांनी गच्च भरलेला पत्र्याचा डबा. उरलेला दोरा फेकायचा नाही, ही जन्माची खोड. वीतभर तुकडासुद्धा डब्यात जायचा.

लेक-जावई सकाळी आठला बाहेर पडत. मग घरात मास्तर आणि स्वयंपाकघराची खिडकी. बोलायला माणूस नाही, पण परसात पाखरं मात्र ढिगाने! मास्तरांनी सगळ्यांना टोपणनावं देऊन टाकली. गुबगुबीत कबुतर तो शेठ, भांडकुदळ चिमण्या त्या नणंदा, आणि कुंपणाच्या झुडपात घरटं बांधणारी तपकिरी पक्षीण ती लगबगबाई. तिचा नवरा काळाकुळकुळीत, पिवळ्या चोचीचा. ती बिचारी दिवसभर काड्या ओढायची आणि हे महाशय छपरावर बसून गायचे.

"अरे, जरा हात लाव की कामाला!" मास्तर काचेआडून त्याला झापत.

शेवटी त्यांनाच राहवेना. डबा उघडला, गणवेशाच्या निळ्या नायलॉन दोऱ्याचे मूठभर तुकडे काढले आणि कुंपणावर पसरून ठेवले. लगबगबाईने चोच भरून नेले की हो! मास्तरांचा आनंद गगनात मावेना. संध्याकाळी लेकीला म्हणाले, "इथे आल्यावर पहिलं गिऱ्हाईक मिळालं बघ मला!" आई गेल्यापासून बाबा असे खळखळून हसले नव्हते. लेकीचे डोळे भरून आले.

पुढे अंडी झाली, पिल्लं झाली. जिन्यातल्या खिडकीतून तीन उघड्या चोची दिसायच्या.

आणि मग तो शुक्रवार. मास्तर चहाचा कप घेऊन खिडकीशी आले, तर लगबगबाई झुडपाखाली उलटी लोंबकळत होती. आधी वाटलं, हे काय भलतंच चाललंय हिचं? मग नीट पाहिलं. पंख पसरलेले, हालचाल नाही. कप हातातून निसटला. कातर उचलून मास्तर अनवाणीच धावले.

पायाला दोरा होता. त्यांचाच निळा दोरा. एक टोक घरट्यात विणलेलं, दुसरं पायाला गुरफटून पार हाडापर्यंत रुतलेलं. अंग अजून कोमट होतं, मान मात्र लुळी पडली होती. "अगं बाई, अगं थांब, सोडवतो," असं म्हणत मास्तर दोरा कापत राहिले. ती मेलीय हे दिसत होतं, पण तोंड थांबेना.

घरट्यात डोकावले, तर एका पिल्लाच्या पायालाही वेढा. पाय सुजून टम्म. मास्तरांनी कातरीचं टोक अलगद वेढ्याखाली सरकवलं. कोपर कुंपणाला टेकवून, श्वास रोखून त्यांनी एकेक धागा कापून काढला. तिन्ही पिल्लं जिवंत होती. मास्तर ओल्या जमिनीवर मटकन बसले. "काय करून बसलो मी हे!"

दुपारी नवरा आला, चोचीत अळ्या घेऊन. झुडपाभोवती तीनदा फिरला, हाका मारल्या. मग एकटाच पिल्लांना भरवायला लागला. खिडकीआड मास्तर लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी लेक आली ती उड्या मारतच. "बाबा, आधी माझं ऐका! तुमच्या दोऱ्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगितली मी. लोकांना इतकी आवडली! डब्यातला दोरा काल थोडा थोडा वाटून टाकला. अकरा घरांनी बागेत ठेवलाय. हे बघा फोटो!"

मास्तरांनी फोटोतल्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"अकरा?"

"हो! बाबा, काय झालं? असे काय बघताय?"

"मेली ती. माझ्या दोऱ्याने मेली. चल, आधी चल!"

लेकीला काही उमगायच्या आत, टेबलावर ठेवलेला तो कापलेला दोरा मुठीत घेऊन ते दाराबाहेर होते. चार महिन्यांत एकट्याने फाटक ओलांडलं नव्हतं त्यांनी; इथल्या भाषेची इतकी धास्ती. आता पायात चपला नव्हत्या आणि ते शेजारच्या घराची घंटा वाजवत होते, बटणावरचा हात न उचलता. दार उघडलं. समोरची म्हातारी हसून काहीतरी म्हणाली, बहुतेक आभारच मानत असावी. मास्तरांना तिच्या भाषेतला एकही शब्द आठवेना. त्यांनी मूठ उघडून तिच्यासमोर धरली. तळहातावर निळा दोरा होता, त्याला रक्त आणि तपकिरी पिसं चिकटलेली.

म्हातारीचं हसू जागच्या जागी विरलं. ती वळून तशीच बागेकडे पळाली, आणि मास्तर पुढच्या घराच्या दाराकडे.