नाकबूल

"वकीलबाई, मी माह्या बायकोले मारलो नाई. हे आधी लिहून घ्या. मग पाणी घेतो."

दुलीचंदभाऊ माझ्या गोंदियाच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते हे म्हणतच. डावा हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके, आणि आवाज मात्र ट्रक थांबवेल असा. मी खुर्ची पुढे केली, पण वाक्य कागदावर उतरेपर्यंत ते बसले नाहीत.

कोहमाऱ्याच्या चौकात त्यांचा ढाबा होता. "गल्ल्यावर मी बसत होतो म्हणून लोकं मले मालक म्हणत. ढाबा चालत होता निर्मलाच्या हातावर," असं ते स्वतःच सांगत. त्या सकाळी दोघं मोटरसायकलवर मासळी आणायला नवेगाव बांधला निघाली होती. गाडी नवी, गॅरंटीतली. सपाट रस्त्यावर पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉकअप बुडाशी मोडला आणि चाक आडवं झालं. भाऊ बाजूच्या बांधीत, धानाच्या मऊ शेतात फेकले गेले, निर्मलाबाई डांबरावर. दवाखाना गाठेपर्यंत त्या गेल्या होत्या.

त्यांचा साळा रूपचंद दरेकशाहून आला आणि थेट पोलिसांत गेला. जिजाजीने गाडी बेफाम चालवली, माझ्या बहिणीचा जीव घेतला, अशी तक्रार त्याने दिली. गुन्हा नोंदवला गेला. तेरवीला माहेरचं कोणी आलं नाही. भंडाऱ्याला नर्स असलेली त्यांची मुलगी सुनीता तेवढी बापाजवळ बसली होती.

मी भाऊंसमोर वाटा मांडल्या. फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल केला तर शिक्षा कदाचित हलकी लागेल आणि प्रकरण लवकर मिटेल. लढायचं तर दोष गाडीचा होता हे पुढे आणावं लागेल. शिवाय ग्राहक आयोगात कंपनी आणि शोरूम, दोघांवर सदोष मालामुळे जीव गेल्याची तक्रार करता येईल. पण तिथे दोष आपल्यालाच सिद्ध करावा लागेल.

"पयली वाट खोडून टाका," ते म्हणाले.

गावातली शहाणी माणसं त्यांना समजवायला येत. कबूल करून टाक, दुली, नशिबात होतं, म्हणत. भाऊ सगळ्यांना एकच विचारत, "नसीब का कारखान्यात बनते? शॉकअप बनते कारखान्यात."

पंचनाम्यानंतर पोलिसांनी गाडी बंधपत्रावर सोडली. एक स्क्रूसुद्धा हलू देऊ नका, उन्हापावसात ठेवू नका, असं मी बजावलं होतं. शोरूमचा माणूस गोड बोलत आला. नवा शॉकअप फुकट टाकून देतो, गाडी धुऊनही देतो, म्हणाला. "मले चालवाची नाई, दाखवाची हाय," म्हणत भाऊंनी त्याला चहा पाजून परत धाडलं आणि गाडी ढाब्याच्या फॅमिली रूममध्ये कुलपात ठेवली. गिऱ्हाईक विचारी, "फॅमिली रूम नाही का?" भाऊ म्हणत, "हाय. पण तिथं माह्या फॅमिलीचा न्याय ठेवला हाय. तुमी बाहेर बसा."

अशील म्हणून ते सोपे नव्हते. आयोगात मधेच बोलत आणि अध्यक्षांची बोलणी खात. सकाळी माझ्या घरी भाजी फोडणीला पडायच्या वेळी फोन येई, "विसरून तं नाई राहिल्या?" एकदाच त्यांचा आवाज खाली गेलेला ऐकला. मोडलेला भाग इंजिनिअरिंग कॉलेजकडून तपासून घ्यायचा आदेश आयोगाने दिला होता. त्या दुपारी ते ऑफिसात आले.

"वकीलबाई, माहीच चूक निघली तं?"

मी काही बोलणार, तोच तेच म्हणाले, "तं भर कोर्टात कबूल करीन. पण आधी निघू तं द्या. न पाहताच कायले कबूल करू?"

अहवाल यायच्या आधीच कंपनीचे वकील नागपूरहून तडजोड घेऊन आले. रक्कम चांगली होती. तक्रार मागे घ्यायची, कंपनीचा दोष होता असं कुठेही म्हणायचं नाही, ही अट.

भाऊंनी मसुदा माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाले, "पैसे कमी करा. एक वाक्य वाढवा. शॉकअप खराब होता म्हणून निर्मला मेली."

"ते लिहिता येत नाही हो," वकील म्हणाले.

"मग मले बी घेता येत नाई."

अहवालात शॉकअपच्या ओतकामातच, म्हणजे कारखान्यातच राहिलेली पोकळी निघाली. मोडलेल्या भागात आधीपासूनची चीर होती. तो अहवाल मी फौजदारी खटल्यातही दाखल केला आणि तपासणाऱ्या प्राध्यापकांची साक्ष झाली. उलटतपासणीत रूपचंदने मान्य केलं, अपघात त्याने पाहिला नव्हता. "मले लय राग होता," एवढंच तो बोलला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी नेहमीच्या हलक्या आवाजात वाचलं, आरोपी निर्दोष. भाऊंनी हात जोडले.

"साहेब, जरा जोरानं सांगा. मागं माहा साळा बसला हाय."

न्यायाधीशांनी एकवार मागच्या बाकाकडे पाहिलं आणि ते शब्द पुन्हा, मोठ्याने म्हटले. रूपचंद खाली मान घालून रडत होता. बाहेर आल्यावर तो पायांशी वाकला. भाऊंनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "माह्या पायावर कायले पडतं? तुही बहीण होती, राग येनच. आता तो राग बरोबर जागी लाव."

आयोगानेही आमच्या बाजूने निकाल दिला. कंपनी नागपूरला राज्य आयोगात अपिलात गेली. ते अपील चालू असतानाच, एका दुपारी ढाब्यावर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता दुलीचंदभाऊ कोसळले. हृदय थांबलं होतं.

तेरवी होते न होते तोच कंपनीच्या वकिलांचा फोन आला. तक्रारदार आता राहिले नाहीत, वारस तडजोडीला तयार होतील का? मी सुनीताला कळवलं. उत्तर द्यायला ती दुसऱ्या दिवशी स्वतः आली, नर्सच्या ड्युटीवरून तशीच. सोबत रूपचंद होता. वडिलांच्या जागी नाव लावायच्या अर्जावर तिने सही केली आणि पेन मामाकडे दिला.

"साळा वारस होत नाही, रूपचंदभाऊ," मी म्हणाले.

"नसन होत. तारीख सांगत जा फक्त."

नागपूरला पहिल्या तारखेला पुकारा झाला. सुनीताला सुटी मिळाली नव्हती. माझ्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहत समोरच्या वकिलांनी विचारलं, हे कोण?

"मेली ते माही बहीण," रूपचंद म्हणाला. "लढला तो माहा जिजाजी."