सहा जणांचं विमान

सहा जणांनी रिकामं करायचं विमान चौघांतही रिकामं होतं, हे मी साहेबांना करून दाखवलं. कुणी मागितलं नव्हतं.

लोणावळ्याजवळच्या औंढ्याहून, माझ्या गावाहून, निघालो तेव्हा एवढी अक्कल नव्हती. मी आणि दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा नवरा, दोघांनाही मुंबईच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याची कायम नोकरी लागली होती. माझे वडील, आबा, लोणावळ्यापर्यंत सोडायला आले. बापमाणूस, रडता येईना, म्हणून माझ्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले. म्हणाले, "काम आसं कर, की शेजारच्याला वाईच बसाया मिळालं पायजे." सुमन दाजींना एवढंच म्हणाली, "पेन्शन घिऊनच या."

कंपनीची पेन्शन वीस वर्षांनी बसायची.

विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर रांगत बॅगा ओढाव्या लागतात. नोकरीच्या अठराव्या वर्षी मला गावाकडची सावड आठवली. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. भाताचे भारे हातोहात पुढं जातात, कुणाला चालावं लागत नाही. त्या दिवशी दाजींचा गुडघा सुजला होता. म्हटलं, तुम्ही बसा, आणखी एकाला सोबतीला बसवा. उरलेले आम्ही चौघं ओळीनं बसलो आणि बॅगा सरकवल्या. विमान वेळेआधी मोकळं! साहेबांनी पाठ थोपटली. मी इतका फुगलो की सुमनला फोन करून सांगितलं.

एक गोष्ट डोक्यात आली नाही. सावडीत काम लवकर उरकलं की माणसं लवकर जेवायला बसतात. कंपनीत काम लवकर उरकलं की माणसंच कमी करतात.

ड्युटीचं नवं रोस्टर लागलं ते चौघांचं. मॅनपावर कॉस्ट, मॅनपावर कॉस्ट असं साहेब मीटिंगमध्ये म्हणायचे. ती कॉस्ट म्हणजे आम्हीच, हे मला तेव्हा कळलं. कायम माणूस महाग, कारण त्याचं म्हातारपणही कंपनीच्या गळ्यात. जास्तीच्या दोघांना सांगितलं, राजीनामा द्या आणि ठेकेदाराकडे लागा. विमान तेच, बॅगा त्याच, पेन्शन तेवढी नाही. ते दोघे कोण, हे साहेबांना शोधावं लागलं नाही. मी बसवलेले दोघे त्यांनी तेव्हाच लिहून घेतले होते.

पेन्शनला दोन वर्षं राहिली होती दाजींची. ठेकेदाराकडे न जाता ते गावी परतले. सुमन वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पुढं, वीस वर्षं भरायच्या आतच, राजीनाम्याचा तोच कागद माझ्याही पुढ्यात आला. मी मुकाट सही केली, ठेकेदाराचा शर्ट घातला. सोबतचे चेहरे रोज नवे, नाव पाठ होईतो माणूस गेलेला.

मुंबईत मी काय केलं हे खोलीच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नाही. औंढ्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाव म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच, आणि तरी जायचं तिथंच आहे.

कारण गेल्या महिन्यात ठेकाही संपला. दाजी लोणावळ्याच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलतात. धीर करून फोन लावला. म्हटलं, "दाजी, तिथं माझं काही जमेल का?"

दाजींनी हातातली बॅग खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

"इच्यारतो. पर पाव्हणं, सायबाम्होरं बॅगा हळू उचला. हितं आमी तिघंच हाये."