साडूंचं वाळवण

आमच्या साडूंसारखा कानांनी घर बघणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा निघाला, तर मी औशाहून शिरूर अनंतपाळपर्यंत अनवाणी चालत जायला तयार आहे. वास्तुशांतीला गेलं की लोक फरशी बघतात, देवघर बघतात; हे न्हाणीघरात शिरून टाळी वाजवायचे आणि कान टवकारून उभे राहायचे. मग यजमानांना सांगायचे, "घर झकास हाय, पण हॉल लई घुमायलाय." लातूरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या माणसाने मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून स्टुडिओ केला होता. थंडीत पाहुणा आला की भिंत उघडी करायची की पाहुण्याला कुडकुडू द्यायचं, हा पेच माझ्या मेहुणीपुढे असायचा, आणि साडूंचं मत नेहमी भिंतीच्या बाजूने पडायचं.

त्यांची पद्धत त्यांनी मला कुरडई खाता खाता समजावली होती. गिटार वाजली की तिचा आवाज वायरने थेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, अगदी कोरडा. मग सवडीने तो अँपमधून, म्हणजे गिटारच्या त्या खोकेवजा स्पीकरमधून, पुन्हा वाजवायचा आणि समोर माईक धरून नव्याने रेकॉर्ड करायचा. "वाळवण हाय हो हे! वाजवणारा एकदाच वाजवून जातो. आपण पाहिजे तवा तळायचं." तळताना माईक धरायचं काम माझ्याकडे असे, कारण स्टँडला कान नसतात असं त्यांचं म्हणणं. स्वतः शेजारच्या खोलीत हेडफोन लावून ओरडायचे, "बोटभर डावीकडं! लई झालं! अहो, बोट म्हंजे बोट, वीत न्हाई!" आणि आवाज जमला रे जमला की कुकरची शिट्टी व्हायची.

ते सगळ्यात जास्त तळत ते त्यांच्या नांदेडच्या दोस्ताचं वाजवणं. कॉलेजपासूनची जोडी, साडू गिटारवर, दोस्त जाड तारांच्या बेस गिटारवर. एका रविवारी दोस्त लातूरला येऊन एक गाणं असंच कोरडं वाजवून गेला आणि थोड्याच दिवसांत त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. त्याने बेस पलंगाखाली सरकवली आणि फोन घेणंही सोडलं. साडूंनी मात्र हट्ट धरला, की या गाण्याचा असा आवाज काढायचा की ऐकून गड्याने पुन्हा बेस हातात घेतली पाहिजे.

त्याच वर्षी अधिक महिना आला. सासूबाईंनी आम्हा जावयांना धोंड्याच्या जेवणाला हिमायतनगरला बोलावलं, तर हे अँप घेऊनच हजर! पाटावर बसायचं सोडून ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत डोकं घालून टाळ्या वाजवू लागले.

"जावईबापू, काही पडलं का आत?" सासूबाई घाबरल्या.

"न्हाई मामी, आवाज बघायलोय. जरा रिकामी करावं लागतंय."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही कोण म्हणणार? अंगणात सतरंज्या पसरून ज्वारी ओतली, कोठीत अँप उतरवला आणि दोस्ताच्या बेसच्या पहिल्याच सुराला मांडणीवरचे पितळी तांबे थरथरू लागले. साडू माईक विसरून त्या तांब्यांकडे बघत राहिले. एका तांब्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "चला, नांदेडला!" पुरण कसंबसं गिळून आम्ही निघालो.

दोस्ताच्या घरी त्यांनी अँप थेट त्याच्या खुर्चीपुढे ठेवला, पलंगाखालून बेस ओढली आणि त्याच्या मांडीवर दिली. त्याने मान फिरवली. "कशाला रे जखमेवर मीठ?"

"वाजवायचं न्हाई. नुस्ती धर."

अँपमधून त्याचंच वाजवणं सुरू झालं आणि मांडीवरच्या तारा आपोआप थरथरू लागल्या. त्याने चांगला हात तारांवर ठेवला. मग त्याच हाताने निर्जीव डावा हात उचलून बेसच्या दांडीवर नेला. "वाजायलंय की रे," तो म्हणाला. थोड्या वेळाने तो चमकला. "इथं मी चुकलो व्हतो!"

"माईत हाय," साडू म्हणाले. "किती तळलं तरी तुझी चूक काई जाईना."

दोस्त हसला, कितीतरी दिवसांनी हसला असावा. साडू त्याच्यापुढे खाली बसले, त्याचं डावं बोट धरलं आणि चुकलेल्या सुराच्या खऱ्या जागेवर अलगद सरकवलं. "बोटभर डावीकडं," ते हळूच म्हणाले.

माईक गाडीतच राहिला होता. साडूंना त्याची आठवणही झाली नाही.