बिरप्पाचा एक ठोका

तीस वर्षं बिरप्पा सोलापुरात लग्नाच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवत होता. घोडी बुजली, नवरदेव रुसला, वरातीत मारामारी जुंपली, पण त्याचा हात कधी थांबला नव्हता. त्यामुळं संगीतशिक्षिका वैजयंतीबाईंनी त्याला आपल्या वाद्यवृंदात बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, चला, बसून वाजवायचं म्हणजे आरामच की!

बाईंनी नवी रचना बांधली होती. चित्रकार महादेवप्पांनी मंद्रूपकडच्या माळावर चरणाऱ्या मेंढरांचं भलंमोठं चित्र काढलं होतं आणि त्यावर स्वतःच कविताही केली होती. तिच्या एकेका कडव्याला व्हायोलिनं, बासऱ्या, क्लॅरिनेट अशी पाळी यायची. शेवटून दुसऱ्या कडव्यात लांडगा होता. तो ड्रमवर.

"किती वाजवायचं, बाई?"

"एक."

"एक तास?"

"एक ठोका, बिरप्पा! त्याआधी एकशे बारा आवर्तनं गप्प बसून मोजायची."

बिरप्पा विशीपर्यंत मेंढरं राखत होता. त्याला राहवेना. "एका ठोक्यानं लांडगा जातो व्हय?"

"जात नाही हो, येतो. ठोका म्हणजे त्याचं येणं."

"मग जातो कवा?"

"ते कवितेत नाही," बाई म्हणाल्या.

हे काही त्याच्या मनाला पटलं नाही. घरी बायको केराबाईही म्हणाली, "आन् मेंढरांचं काय मग?"

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. केराबाई मंद्रूपचे भाऊबंद घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. मागच्या पडद्यावर चित्र हळूहळू सरकत होतं. चौसष्टपर्यंत बिरप्पानं बोटांवर नीट मोजलं. मग पडद्यावर एक लंगडं कोकरू आलं आणि त्याची मोजणी गेली. कोकराच्या मागं गवतात दोन डोळे होते. बाईंची इशाऱ्याची काडी अजून खालीच होती.

धाड!

लांडगा हलेना. धाड, धाड, धाड! तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून केराबाई उठून ओरडली, "हाड! हुर्रर्र! हाड!" पाठोपाठ सगळे मंद्रूपकर उठले. व्हायोलिनं थांबली. पडदा सांभाळणाऱ्यानं घाबरून चित्रच बंद केलं. बिरप्पानं घाम पुसला आणि शांतपणे बसला. टाळ्या मात्र थांबेनात. सगळ्यात जोरात महादेवप्पा वाजवत होते.

"शेवटचं कडवं राहिलं ना!" बाई रडकुंडीला आल्या.

"मेंढरंबी राहिली की, बाई."

आठ दिवस बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी सुधारलेला कागद घेऊन आल्या. त्यात त्याला अकरा ठोके दिले होते.

"पण ओरडायचं नाही हं!"

"ते मला नगा सांगू," बिरप्पा म्हणाला, "केराबाईला सांगा."