डावखुऱ्या कारागिराची तुळई

चारठाण्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा नामांतराचं आंदोलन सुरू होतं. मधूनच कधी बंद पुकारला जायचा आणि एस.टी. डेपोतून बाहेरच पडायची नाही. शनिवारी परभणीला घरी जायचं म्हणून पिशवी भरावी, स्टँडवर तासभर उभं राहावं आणि खोलीवर परत यावं. अशाच एका अडकून पडलेल्या रविवारी मी गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसले. करमत नव्हतं, एवढंच कारण.

देऊळ जुनं, हेमाडपंती. मी गणिताची शिक्षिका. बसल्या बसल्या खांबांकडे बघायला लागले. एक खांब म्हणजे एक दगड नव्हे. खाली चौकोनी दगड, त्यावर आठ कोनांचा, मग गोल, आणि डोक्यावर छत पेलणारे चार हातांचे बुटके यक्ष. मध्ये चुना नाही, माती नाही. सांध्यात पोस्टकार्डाची कडसुद्धा शिरेना. मी घालून पाहिली. त्याहून नवल म्हणजे दगडांवर बारीक खुणा कोरलेल्या होत्या. कुठे बाण, कुठे त्रिशूळ, कुठे गोलात टिंब.

घरमालकीणबाईंना विचारलं तर त्यांनी आवाज खाली केला. "त्या खुना धनाच्या हायेत बाई. मागं कुनीतरी देवळामागं कंबरंइतका खड्डा केलता."

"काय निघालं?"

"खापरं. आन् इंचू."

धनावर माझा विश्वास नव्हता, पण मग त्या खुणा कशाच्या, हे मलाही सांगता येईना. पुढचे तीन-चार रविवार मी वहीत त्या उतरवून काढल्या. कोणती खूण कोणत्या खांबावर, किती उंचीवर, सगळं टिपलं. गुरवकाका पूजा करता करता माझ्याकडे बघायचे. गावच्या शाळेची बाई म्हणून बोलत काही नसत.

शिवरात्रीच्या आधी एके दिवशी दारात हाळी आली, "पाट्याला टाकीऽऽ." मानवतकडची एक पाथरवटीण वर्षाकाठी गावात यायची आणि घरोघरचे गुळगुळीत झालेले पाटे छिन्नीनं टोचून खरबरीत करून द्यायची. घरमालकीणबाईंचा पाटा तिनं उलटसुलट केला आणि वरच्या टोकाला कोरलेल्या इवल्या मासोळीवर बोट ठेवलं. "ही माज्या सासूची टाकी."

"कशावरून?" मी विचारलं.

"मासोळी तिचीच खून. ज्याचं काम त्याची खून आस्ती बाई."

मी वही आणून तिच्यापुढे धरली. तिनं पानं नीट पाहिली आणि म्हणाली, "कागदावर मला काय कळंना. दगूड दावा."

देवळात त्या दिवशी गडबड होती. मानवतच्या एका शेतकऱ्यानं नवस फेडायला भली मोठी घंटा दिली होती आणि ती सभामंडपातल्या दगडी तुळईला टांगायची म्हणून दोघं जण साखळी घेऊन आले होते. पाथरवटीण पायरीपाशीच थांबली.

गुरवकाका म्हणाले, "ये, पर हातोडी भाईर ठिव."

"हातोडीबिगर मला काय दिसनार मामा? मी आपली हितूनच बघती."

मी मध्ये बोलायला हवं होतं. बोलले नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय. ती उन्हात उभी, काका सावलीत उभे. शेवटी तेच म्हणाले, "बरं, घेऊन ये. पर देवाच्या दगडाला मारू नको."

आत आल्यावर ती खुणांकडे बघेचना. खांबावर तळहात फिरवत सावकाश चालली. एका ठिकाणी थांबून म्हणाली, "ह्यो डावखुरा व्हता."

"कोण?"

"ज्यानं ह्यो घडला त्यो. ह्या शेजारच्याचे घाव बघा कुनीकडं कलतेत, आन् ह्याचे बघा."

मी वाकून पाहिलं. बारीक रेघा खरोखरच उलट्या बाजूला कलल्या होत्या. त्या दगडावर गोलात टिंब होतं. मी वही उघडली आणि जिथे जिथे गोलात टिंब लिहिलं होतं तिथे तिथे धावत जाऊन बघितलं. सगळीकडे घाव तसेच उलटे. इतक्या शतकांपूर्वीचा एक डावखुरा माणूस मला एकदम भेटला. मी मोठ्यानं हसले, तशी साखळीवाल्यांनीही मान वळवली.

साखळी ज्या तुळईवरून घ्यायची होती तीही त्याचीच, गोलात टिंब असलेली. तिच्यावर फुलांची ओळ कोरलेली, शेवटचं फूल मात्र अर्धंच. तिथून वर बारीक चीर गेली होती. पाथरवटीण मंडपातल्या चौथऱ्यावर चढली आणि हातोडीच्या दांड्यानं तुळईवर हळूच टकटक केली. एका टोकाला खणखणीत आवाज आला, अर्ध्या फुलापाशी बद्द.

"चीर लागली म्हनून त्यानं हात थांबवला. पुढं घाव घातला आसता तर दगडाचं दोन झालं आसतं. मंग बसवताना चिरंची बाजू वर घेतली. वजनानं ती मिटून ऱ्हाती. खाली आसती तर उघडली आसती. शाना गडी." ती खाली उतरली. "हिला घंटा बांधू नका मामा."

"येवढं छत पेलायलीय, घंटा पेलंना का?" काका चिडले.

"छत गप बसतंय. घंटा हालती."

काकांनी वर पाहिलं, मग स्वतःच चौथऱ्यावर चढून तुळईवर बोटाच्या पेरानं वाजवलं. इकडे एकदा, तिकडे एकदा. त्यांना फरक ऐकू आला हे त्यांच्या तोंडावर दिसलं. साखळीवाल्यांनी साखळी गुंडाळली. घंटा पुढे अंगणात लोखंडी चौकट करून टांगली आणि शिवरात्रीला तिचा आवाज शाळेपर्यंत आला.

धनाच्या खुणा कारागिरांच्या निघाल्या ही बातमी घरमालकीणबाईंनी गावभर केली. कुणाला पटली, कुणाला नाही. पण मागचा खड्डा काकांनी माती टाकून बुजवून घेतला.

त्यानंतर रविवारी देवळात गेले की काका मला एखाद्या खांबापाशी बोलवायचे. "बाई, हे इकडं या जरा. कान लावा." आणि पेरानं टकटक करून, मान तिरपी करून माझ्याकडे बघत राहायचे.