दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं संपल्यावर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. तरी हे लिहितोय... कारण ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

१९७६ साल असेल. मी मूळचा बार्शीचा. नोकरीसाठी सोलापूरला, पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत खोली घेऊन राहत होतो. नाद एकच — ब्रिटिश पॉप आणि रॉकच्या जुन्या रेकॉर्ड. त्यातही निरनिराळ्या बँडची गाणी एकत्र केलेल्या. एकेका बँडची एलपी शोधत बसलो असतो तर जन्म गेला असता. इथं एकाच तबकडीवर बारा जण भेटायचे! नवी पेठेतला एक जुन्या सामानाचा दुकानदार माझ्यासाठी त्या बाजूला काढून ठेवायचा.

त्या दुपारी अशीच एक लंडनमध्ये निघालेली एलपी आणली. कव्हर फाटलेलं, आधीच्या मालकानं आवडत्या गाण्यांपुढे पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. ओल्या फडक्यानं पुसली, वाळवली, लावली. मागांना सुट्टी होती, त्यामुळे गल्लीत खटखट नव्हती. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं संपलं, आणि चौथं सुरू व्हायच्या आधी जी खरखर असते ना, तिच्यातून एका पुरुषाचा आवाज आला —

"अम्मा, तलुपु तीयी."

अगदी स्पष्ट. मी सुई उचलून मागे ठेवली. नुसती खरखर. पुन्हा ठेवली... तेच.

तेलुगू मला येत नव्हतं. 'अम्मा' तेवढं कळलं. मागच्या अंगणात शेजारच्या राजम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा व्यंकटेश बापाशी भांडून निघून गेला होता. मध्यंतरी बाप वारला, तरी त्याचा पत्ता नव्हता. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी डोक्यातही आलं नाही.

"राजम्मा, तलुपु तीयी म्हणजे काय हो?"

"दार उघड. कोन म्हनलं, सर?"

"रेकॉर्डमध्ये ऐकलं. अम्मा, तलुपु तीयी."

त्यांचा हात थांबला. "इंग्रजी गान्यात आमची भाषा कुटनं आली?" एवढं म्हणाल्या आणि एकदम उठल्या. घरातून धावत जाऊन त्यांनी पुढच्या दाराची कडी काढली. मी मागोमाग.

गल्लीच्या टोकाला, पत्र्याची पेटी घेऊन, एक माणूस पाठमोरा चालला होता.

"व्यंकटेशा!"

तो लगेच वळला नाही. आधी पेटी खाली ठेवली.

बऱ्याच दिवसांनी मी त्याला विचारलं, "तेव्हा तू हाक मारली होतीस का?"

"न्हाय, सर. लई वेळ दारापुढं हुबा होतो. बाप गेल्याचं कळलं होतं, आता आईला तोंड कसं दाखवायचं? आवाजच फुटंना. मग परत निघालो."

शेजारचा आवाज भिंतीतून आला असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण तो हाक मारलीच नाही म्हणतो, आणि मी तर स्पीकरजवळ कान देऊन बसलो होतो. खरं तर मला छळतं ते वेगळंच... त्या दुपारी आळस करून मी पुढचं गाणं ऐकत बसलो असतो तर?