निळ्या गाडीचा दिवा

डिलाईल रोडच्या त्या चाळीत बाबुरावांच्या सायकलला सायकल म्हणायची सोय नव्हती. ती 'गाडी' होती. दर चौदा एप्रिलच्या आधी बाबुराव तिला स्वतःच्या हाताने निळ्या ऑइलपेंटचा नवा हात मारत. आधीचा रंग खरवडायचा असतो, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यामुळे गाडी दरवर्षी अंगाने भरत गेली आणि बाबुराव मात्र तसेच काटकुळे राहिले.

छापखान्यातून रिटायर झाल्यावर माणसं कट्ट्यावर बसतात. बाबुराव पाली शिकायला बसले. वर्ग वडाळ्याच्या विहारात, संध्याकाळचा. जाताना उजेड असायचा, येताना अंधार.

मुलगा हर्षवर्धन विम्याच्या कंपनीत होता, म्हणून त्याला जिथे तिथे अपघातच दिसत. त्याने गाडीला चार्जिंगचा दिवा आणून दिला. पण घरातल्या प्लगपाशी मोबाइलची रांग, आणि त्या रांगेत दिव्याचा नंबर कधी लागलाच नाही.

एका संध्याकाळी कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळ हर्षवर्धनच्या टॅक्सीसमोर अचानक एक बिनदिव्याची सायकल आली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. हर्षवर्धन खिडकीतून ओरडला, "ओ काका, मरायचंय काय?"

काकांनी वळून पाहिलं. ते बाबा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा दांडा साखळीने जिन्याच्या गजाला बांधलेला, वर जाडजूड कुलूप.

"उद्यापासून टॅक्सी लावून देतो," हर्षवर्धन म्हणाला.

"मी शिकायला जातो हर्षा, डायलिसिसला नाही."

"मग विनादिव्याचं जायचं नाही. रविवारी मला दिवा पेटलेला दिसला तर किल्ली देईन. नाहीतर गाडी भंगारात."

"पेटवून दाखवतो. आणि तुझ्या प्लगची मेहेरबानी न घेता!"

बाबुरावांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली. त्यात जुना डायनामो होता. बाटलीएवढा, जडशीळ. चाक फिरलं की त्याची चकती टायरला घासून फिरते आणि वीज तयार होते. चार्जिंग नाही, रांग नाही. ही वस्तू आपल्याच स्वभावाची आहे, असं बाबुरावांना मनापासून वाटलं. त्यांनी तो मागच्या चाकाशी आवळला, हँडलला दिवा लावला आणि एक वायर दांड्यावरून काळ्या टेपने नेली.

रविवारी सकाळी सगळी चाळ गॅलरीच्या कठड्याला लागली. बाबुरावांनी गाडी स्टँडवर चढवली आणि हाताने पॅडल गरगर फिरवलं. डायनामो घूंऽऽ करू लागला. दिवा ढिम्म.

"बाबुराव," वरून गंगुबाई ओरडल्या, "आवाज तर अख्ख्या गिरणीचा येतोय! उजेड कुठाय?"

"येतोय, वाटेत आहे!"

बल्ब बदलला. वायर बदलली. पॅडल मारून मारून दंड भरून आला. हर्षवर्धन किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता, आणि बाबुराव त्याच्याकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात सून नम्रता खाली वाकली.

"बाबा, डायनामोच्या पट्टीखाली हे रबर कसलं?"

"जुन्या ट्यूबचं. रंगाला ओरखडा नको म्हणून."

नम्रता हसू दाबत म्हणाली, "अहो, वायर एकच आहे. वीज परतणार ती गाडीच्या लोखंडातूनच ना? तुम्ही तिला रबर घालून बाहेरच उभी केलीत."

बाबुरावांना हे ठाऊक होतं. तरुणपणी त्यांनीच निम्म्या चाळीला डायनामो लावून दिले होते. पण तेव्हा गाड्यांना एवढे रंग नव्हते. रबर काढून चालणार नव्हतं. स्क्रूचं टोक या थरांतून लोखंडापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. खरवडावं लागणार होतं. निळ्याला.

"राहू दे बाबा," हर्षवर्धन जरा मऊपणे म्हणाला. "टॅक्सीच बरी."

एवढं पुरे झालं. बाबुरावांनी चाकू घेतला. पहिला निळा गेला, खाली दुसरा निळा, त्याखाली जरा फिका, एका वर्षी दुकानदाराने गळ्यात मारलेला मोरपंखी. प्रत्येक थराला बाबुराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. शेवटी रुपयाएवढं लोखंड चकाकलं. त्यांनी स्क्रू आवळला आणि पॅडलला असा हात घातला, की पाना उडून गटारात पडला.

दिवा पेटला. पिवळाधमक.

गॅलरीतून शिट्ट्या आल्या. हर्षवर्धन हरणाऱ्यांतला नव्हता, शेवटी मुलगा कुणाचा! "सिग्नलला थांबलात की विझणार हा."

"थांबलो की सगळ्या मुंबईचे हेडलाइट माझ्या पाठीवर असतात. चालत्या माणसाला उजेड लागतो रे. आण किल्ली."

हर्षवर्धनने किल्ली दिली. आणि बाबा पुन्हा पॅडल फिरवण्यात दंग असताना मागच्या मडगार्डला गुपचूप एक लाल रिफ्लेक्टर चिकटवला. बाबुरावांना तो दिसला. त्यांनी तो काढला नाही, पण पाहिल्याचं कबूलही केलं नाही.

सोमवारी ते वडाळ्याहून घूंऽऽ करत परतले, तेव्हा गंगुबाईंनी कुकर खाली उतरवायचं सोडून आधी कठडा गाठला.

पुढच्या चौदा एप्रिलला गाडीला नवा हात बसला. फक्त तेवढा रुपयाएवढा गोल कोरा. येणारा जाणारा हमखास बोट दाखवी, "बाबुराव, इथं मारायचं राहिलं की!"

"राहिलं नाही," बाबुराव ब्रश झटकत म्हणत, "ठेवलंय."